टोक कोण धरणार?

३ मार्च

ताई, नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, घरात सगळे ठणठणीत आहेत. फोनच केला असता, पण मी फोन हातात घेतला की तुमचे बंधुराज शेजारी येऊन उभे राहतात आणि "हेही सांग, तेही सांग" सुरू करतात. मला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर सांगवत नाही. म्हणून शिलाई मशीन बंद केलं आणि लिहायला बसले.

मामंजींचं काम बिघडलं. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्यांनी मागे नवी खोली बांधली, तिची आखणी मामंजींनी केली होती. बाकीचं बांधकाम यांचं, पण पायाची आखणी मामंजींची, हा आपल्या घरचा नियमच. भिंती उठल्या, छप्पर झालं, सगळ्यांनी वाहवा केली. परवा फरशीवाला आला. दाराच्या भिंतीपासून त्यानं ओळी मांडत नेल्या. दाराशी फरशी बाजूच्या भिंतीला अख्खी टेकली, पण जसजसा आत गेला तसतशी ती थोडी थोडी कापावी लागली. शेवटच्या ओळीपर्यंत चांगलीच कापावी लागली. तो उठून उभा राहिला आणि हसत म्हणाला, "खोली गुण्यात नाही हो. कोपरा काटकोनात लागलेलाच नाही. कोणी आखली?"

मामंजी तिथेच उभे होते. म्हणाले, "मी."

घरी येऊन यांनी बराच आरडाओरडा केला. बेकरीवाल्यांसमोर मान खाली गेली, बाबांचं वय झालं, आता आखणी बंद, असं सगळं. चहात साखर कमी पडली तरी तासभर वाद घालणारा माणूस, पण मामंजी फक्त "असेल" म्हणाले आणि पाय धुवायला गेले. ताई, ते भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

हे म्हणतात, "ताईला लिही. ती समजावेल, बाबा तिचंच ऐकतात." सांगितल्याप्रमाणे लिहिलं. आता माझं सांगते. तुम्ही काही लिहू नका. निदान घाई करू नका.

आणि एक सहज विचारायचं होतं. माझ्याकडे शिवण शिकायला येते ना, त्या मुलीनं विचारलं. मामंजींची आखणीची दोरी असते, बारा फुटांची. तीन फुटांवर एक लाल धागा, पुढे चार फुटांवर दुसरा, आणि पुढे पाच फुटांवर दोन्ही टोकं जुळतात. तीन खुंट्यांना ताणली की तीन आणि चारच्या मधला कोपरा आपोआप काटकोन होतो. समजा, त्यातला एखादा भाग चुकून थोडासा कमी झाला, तर कितीसा फरक पडतो? उगाच आपलं.

तुमची वहिनी


११ मार्च

वहिनी,

तुझं पत्र वाचून सुन्न झाले. बाबांची आखणी आणि तिरकी? त्यांनी आखलेल्या खोलीत लहानपणी आम्ही गोट्या खेळायचो, तर गोटी भिंतीला लागून सरळ रेषेत घरंगळायची.

आधी तुझ्या शिष्येचं उत्तर देते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल. तिनाचा वर्ग नऊ, चाराचा सोळा, दोन्ही मिळून पंचवीस, आणि पंचवीस हा पाचाचा वर्ग. एवढ्या एका गोष्टीवर बाबांची दोरी चालते. बाजू तीन, चार आणि पाच असल्या की कोपऱ्याला काटकोन झाल्याशिवाय गत्यंतरच नाही. आता समोरची पाचाची बाजू एक इंचानं कमी झाली असं धर. कोपरा जवळजवळ दोन अंशांनी मिटतो. कागदावर दोन अंश डोळ्यांना दिसतही नाहीत, पण तीच रेघ पुढे बारा फुटी भिंतीपर्यंत नेली, तर तिचं टोक पाच इंच सरकलेलं असतं. मुलीला सांग, लहानशी चूक उगमाशी कळत नाही, शेवटच्या फरशीला कळते. फरशीवाल्याला म्हणूनच कळली.

पण हे सगळं पुस्तकी झालं. बाबांची दोरी कशी बिघडेल? ते तिला आमच्यापेक्षा जास्त जपतात. उन्हापावसानं ताणली असं म्हणावं तरी सगळे भाग सारखेच ताणतात, आणि मग कोन तोच राहतो. तिचे लाल धागे आईनं बांधलेले आहेत, ते तसूभर हललेले नाहीत. तेव्हा दोष दोरीचा नाही. दोष डोळ्यांचा, नाहीतर वयाचा. हे लिहिताना माझा हात जड झालाय, पण आंधळ्या मायेनं काय साधणार?

तू लिहू नका म्हणालीस, पण मी कालच बाबांना लिहून टाकलं. अगदी स्पष्ट लिहिलं: डोळे तपासून घ्या, आखणी आता धाकट्याकडे सोपवा, चाळीस वर्षांचं नाव एका खोलीपायी घालवू नका. तुमच्या घरामागच्या माझ्या जमिनीच्या तुकड्यावर निवृत्तीनंतरचं घर बांधायचंय, त्याची आखणी बाबांनीच करायची असं ठरलं होतं. तीही मी आमच्या नकाशाच्या ऑफिसातल्या एकाकडून करून घेते, असं कळवलंय. त्यांना वाईट वाटेल. वाटू दे. एकदाच वाटेल.

तुझी ताई


१९ मार्च

ताई,

तुमचं पत्र मामंजींना मिळालं. मीच नेऊन दिलं. पायरीवर बसून त्यांनी ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. मग मला म्हणाले, "सूनबाई, तुझी खुणांची पेन्सिल दे जरा." उजेड होता तोवर ते पायरीवर काहीतरी लिहीत बसले होते. मला वाटलं, तुम्हाला उत्तर लिहितायत. पाकीट आणून ठेवलं. पण दुसऱ्या दिवशी पाकीट तसंच कोरं पडलेलं होतं, आणि पेन्सिल मात्र टोक करून परत दिली होती.

त्यानंतर त्यांनी दोरी गुंडाळली, ओळंबा फडक्यात बांधला, दोन्ही हत्यारांच्या पेटीत घातलं आणि पेटी खाटेखाली सरकवली. मी त्या खाटेखाली रोज झाडते. आता झाडू त्या पेटीला लागला की मी तो चटकन मागे ओढते.

दिवसभर काय करतात म्हणाल, तर काही नाही. वर्तमानपत्र वाचतात, संपलं की कालचं वाचतात. परवा माझ्या मशीनजवळ आले आणि म्हणाले, "तुझी मापाची पट्टी बघू." मी दिली. त्यांनी ती दोन्ही हातांत ताणली, एक टोक डोळ्यांजवळ नेलं, आणि परत देत म्हणाले, "जुनी झाली गं. नवी घे." बिचाऱ्यांना वेळ जात नाही, दुसरं काय? आणि काल बाजारातून येताना स्वतःच माझ्यासाठी नवी पट्टी घेऊन आले. ताई, मला रडू आलं. ते म्हणाले, "पट्टीसाठी रडतेस? मग मशीन आणलं असतं तर काय केलं असतंस?"

मी पाव आणायला बेकरीत गेले होते. फरशीवाल्याचं काम अजून चाललंय. त्याला सहज विचारलं, किती फरक पडला म्हणून. त्यानं सांगितलं. पाव तिथेच विसरून मी घरी आले. असो.

तुम्ही त्या ऑफिसातल्या माणसाला अजून सांगितलं नसेल, तर सांगू नका ना. तुमच्या घराची आखणी मामंजींनाच करू द्या. ते चुकणार नाहीत, मी लिहून देते. कशावरून म्हणाल, तर ते मला सांगता येत नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं माझं झालंय. असो. लिहिताना काहीच्या काही लिहून जाते मी.

वहिनी


२७ मार्च

वहिनी,

एका पत्रात दोनदा ‘असो’ आणि एकदा ‘खाई त्याला खवखवे’. मी काय दूधखुळी आहे? तू काहीतरी दडवते आहेस. धाकटा बाबांना टाकून बोलतो का? बाबा आजारी आहेत का? सरळ सांग.

मीही एक सांगते, म्हणजे तुझी भीड चेपेल.

तुझं पत्र आल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरतेय. दोरीनं कोपरा लावला म्हणजे आखणी संपत नाही. चारही खुंट्या ठोकून झाल्या की बाबा पोलादी टेप काढायचे आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घ्यायचे. मग दुसऱ्या दोन कोपऱ्यांचं. दोन्ही कर्ण सारखे भरले तर खोली सरळ, नाहीतर कितीही छान दिसली तरी तिरकी. दोरी चुकली तर कर्ण सांगतो, डोळा चुकला तरी कर्ण सांगतो. त्यात चूक लपायला जागाच नाही.

पण एवढ्या लांब टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतं. ते टोक मी धरायची. फ्रॉक घालायची तेव्हापासून. बाबा ओरडायचे, "थोरले, टोक हलवू नकोस, घर हलेल!" आणि मी श्वास रोखून बसायची. पुढे शिकायला म्हणून निघाले, नोकरी लागली, मग इथलीच झाले. दुसरं टोक कोण धरतं, हे मी बाबांना एकदाही विचारलं नाही. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

बेकरीच्या खोलीचे कर्ण त्यांनी मापले होते का? मापले असते तर चूक तिथल्या तिथे सापडली असती. मापले नसतील, तर का नाही मापले, ते मला कळतंय. आणि अशा माणसाला मी ‘डोळे तपासून घ्या’ म्हणून लिहिलं. लिहिताना किती शहाणी वाटत होते मी स्वतःला!

तू त्यांना विचार. आणि तुझं काय ते मला लिही. ‘असो’ लिहिलंस तर फोन करेन, आणि धाकट्यालाच बोलव म्हणेन.

ताई


२ एप्रिल

ताई,

तुमच्या पत्रातलं ते टोकाचं वाचलं आणि माझ्यानं राहवेना. तुम्ही तिकडे बसून स्वतःला बोल लावताय आणि मी इथे तोंडाला कुलूप लावून बसलेय. हे बरं नाही. ऐका.

दोरी मी तोडली.

जानेवारीत शाळेचे गणवेश पोचवायचे होते. गठ्ठा मोठा, सायकलच्या मागे बांधायला घरात सुतळीचा तुकडा नाही, आणि समोर खिळ्याला दोरी. म्हटलं, जाते आणि येते, आल्यावर परत टांगते, कुणाला कळतंय? वाटेत गठ्ठा कलला, दोरी चाकात गेली आणि साखळीनं तिचा चावून चोथा केला. पाच फुटांचा जो भाग, त्यातला. लाल धागे वाचले, एवढंच नशीब. सासूबाईंचे धागे तुटले असते तर मी घरीच आले नसते.

मामंजी झोपले होते तेवढ्यात मी बसले आणि तसलीच दोरी आणून मधला तुकडा जोडला. गाठ मारली नाही. गाठ त्यांच्या हाताला लागली असती. पीळ सोडून पिळात पीळ घातला, वरून मेणाचा दोरा गुंडाळला. नवा तुकडा पांढराफटक दिसायला लागला, म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून काढला. माझ्याच हुशारीवर मी खूष झाले होते, ताई. चोरी केली ती केली, वर नक्षीकाम!

आणि माप? माप माझ्या पट्टीनं घेतलं. पट्टी साठ इंचांची, म्हणजे बरोब्बर पाच फूट. एका धाग्यावर पट्टीचं एक टोक, दुसऱ्या टोकाशी दोरीचा शेवट, झालं. मग तुमचं पत्र आलं: एक इंच कमी, तर बारा फुटांत पाच इंच. बेकरीतल्या फरशीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "बारा फुटांची भिंत, पाच इंच खातेय." घरी येऊन मी पट्टी नीट पाहिली. तिचं पत्र्याचं टोक केव्हाच निघालेलं आहे. विसकटलेला पहिला इंच मीच कापून टाकला होता. माझी पट्टी एकापासून सुरू होते, ताई. कपडे मापताना हात आपोआप एक इंच सोडतो, विचारही करावा लागत नाही. पण दोरी मापताना मी आकडे वाचलेच नाहीत, अख्खी पट्टीच लावली. माझे पाच फूट एकोणसाठ इंचांचे होते.

शिष्येनं वगैरे काही विचारलं नव्हतं. तिला तर अजून काज करता येत नाही.

तेव्हाच का नाही सांगितलं, म्हणाल. भीती वाटली. मामंजींची नाही, ते मला कधी टाकून बोलले नाहीत. यांची वाटली. आणि मग रोज एक दिवस पुढे जात गेला. मामंजी माझ्यासमोर बसून कालचं वर्तमानपत्र वाचतात, मला नवी पट्टी आणून देतात, आणि मी त्यांना वाढते, बोलते, हसतेसुद्धा. माझी मलाच किळस येते.

आज जेवताना सगळ्यांसमोर सांगणार आहे. हे पत्र आधी टपालपेटीत टाकून येते, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. तुमच्या घराची आखणी मामंजींकडून काढून घेऊ नका, एवढंच मागणं आहे. मला काय बोलायचं ते बोला.

वहिनी


६ एप्रिल

थोरलीस आशीर्वाद.

माझं अक्षर कसं आहे ते तुला माहीत आहे, तेव्हा हळू वाच.

सूनबाईनं जेवताना सगळं सांगितलं. ती तोंड उघडतेय हे पाहून मी पाणी मागितलं. तिनं पाणी दिलं आणि पुन्हा सुरुवात केली. मी मीठ मागितलं. तिनं मीठ दिलं आणि सांगून मोकळी झाली. धाकटा तेव्हापासून तिच्याशी बोलत नाही. "बाबा, तिला सांगा माझा शर्ट कुठंय ते विचारलंय," असं चाललंय. मी घरातला टेलिफोन झालोय. दोन दिवसांत त्याचा राग उतरेल, नाहीतर शर्टाशिवाय जाईल.

मला हे ठाऊक होतं. फरशीवाला हसला त्याच संध्याकाळी मी दोरी पोलादी टेपला लावून पाहिली. तीन बरोबर, चार बरोबर, पाचात एक इंच कमी. मग बोट फिरवलं तर जोड लागला. इतका सुबक जोड घालणारे हात या घरात एकीचेच. आणि दोरीला चहाचा वास येत होता. आखणीची दोरी चहा पीत नाही.

फक्त एक कळेना. सूनबाईच्या हातून एक इंच चुकत नाही. म्हणून तिची पट्टी मागून पाहिली, मग उलगडा झाला. ते तिच्याजवळ बोललो नाही. ती काय करतेय ते मला दिसत होतं. हातून दोनदा शिवण उसवायची, माझ्या ताटात दुप्पट वाढायची. म्हटलं, तिचं तिला सांगू दे, नाहीतर न सांगू दे. माझ्या तोंडून निघालं असतं तर धाकट्यानं तिला जन्मभर ऐकवलं असतं. माझं काय, म्हातारा झाला म्हणून लोक बोलले तर ते खोटं थोडंच आहे?

आणि खरं सांगू का, मी गप्प बसलो ते केवळ तिच्यासाठी नाही. दोरी सुरुवात करायला असते आणि कर्ण शेवट करायला, हे मी तुला टपल्या मारमारून शिकवलं. त्या दिवशी मी कर्ण मापले नाहीत. टेपचं दुसरं टोक धरायला जवळ कुणी नव्हतं. बेकरीतला माणूस पीठ मळत होता, त्याला हाक मारायची लाज वाटली. म्हटलं, इतकी वर्षं दोरी खरी ठरलीय, आज काय धाड भरलीय? हा माज झाला. दोरी तिनं तोडली, पण खोली मी तिरकी केली. मापल्यावर खुंटी पाच इंच सरकवायची, एवढंच तर काम होतं. ते टाळलं म्हणून मीच पेटी खाटेखाली सरकवली. तुझ्या पत्रामुळे नाही.

तू घर सोडून गेलीस म्हणून टोक सुटलं, असं काहीतरी तू सूनबाईला लिहिलंयस. तिनं वाचून दाखवलं. तो वेडेपणा सोड. तुझी ट्रंक गाडीवर मीच चढवली होती.

बेकरीवाल्यांना मी जाऊन सांगितलं की चूक माझी. त्या भिंतीला ट्रे ठेवायची मांडणी करून देतोय, एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला उथळ. तिरकेपणा तिच्या पोटात जाईल. बेकरीवाले म्हणाले, मांडणी हवीच होती. चांगला माणूस आहे.

तुझं घर तुला हवं त्याच्याकडून आखून घे. फक्त त्याला कर्ण मापायला सांग.

तुझे बाबा


१४ मे

वहिनी,

काल पोचले. तुम्हा सगळ्यांकडे तीन दिवस राहिले, पण त्यातला दीड दिवस मी घुम्यासारखी होते, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. कारण सांगते. तू हसणार असशील तर हस.

बाबांचं पत्र मिळालं त्याच दिवशी मी उत्तर टाकलं होतं: माझं घर तुम्हीच आखायचं, मी येतेय, टोक मी धरेन. येताना गाडीत मी हेच घोकत होते. मार्चात केवढं लागेलसं लिहिलं होतं मी त्यांना! म्हटलं, टोक धरून बसेन, ते ओरडतील, "थोरले, हलवू नकोस," की सगळं फिटलं.

सकाळी जागेवर गेलो. तू नव्या पट्टीनं दोरीचा जोड पुन्हा घालून आणला होतास, आणि बाबा म्हणाले, "या वेळी चहा नको, पांढरा तुकडा पांढराच राहू दे." धाकटासुद्धा हसला. तुझ्याशी थेट बोललेलं त्याचं पहिलं वाक्य मी ऐकलं: "खुंटी दे." दोरी ताणली, कोपरा लागला, चारही खुंट्या बसल्या. मग बाबांनी टेप काढली. मी पदर खोचून पुढे झाले, आणि ते माझ्या बाजूनं पलीकडे बघून म्हणाले, "सूनबाई, टोक धर."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी हसून मान हलवली, पण आतून खचले. वाटलं, त्यांनी तुला माफ केलं आणि मला नाही. चूक तर तू केली होतीस. पण तू निदान दोरीच तोडली होतीस. मी त्यांचं काम काढून घेतलं होतं, तेही ‘एकदाच वाईट वाटेल’ असं लिहून. मी चुन्याच्या फक्कीची पाटी हातात घेऊन बाजूला उभी राहिले. तू दोन्ही हातांनी टोक दाबून धरलंस. बाबा ओरडले, "हलवू नकोस, घर हलेल!" ते माझं वाक्य होतं, वहिनी. मला तुझा हेवा वाटला. या वयात, हातात चुना घेऊन.

तू मोठ्यानं वाचलंस, "तीस फूट." दुसरा कर्ण मापला. "तीस फूट, आणि थोडंसं जास्त." खुंटी दोनदा काढून ठोकली, पुन्हा मापलं. तीस आणि तीस. बाबांनी टेप मिटवली आणि म्हणाले, "झालं. आता चहा चालेल." तू तिथेच मातीत बसून रडलीस, आणि मला वाटत राहिलं की तुझं ओझं उतरलं, माझं तसंच राहिलं.

निघताना बाबांनी माझ्या हातात एक घडी ठेवली. म्हणाले, "हे तुझं. माझं काम झालं." मी ओळखलं. मीच लिहिलेलं पत्र. मला ते परत करतायत, म्हणजे आता माझ्याकडे काही ठेवायचंच नाही त्यांना, असं वाटून मी रस्ताभर पर्स उघडली नाही. घरी आल्यावर उघडली.

मी एकाच बाजूवर लिहिलं होतं. मागची बाजू कोरी होती. त्यावर तुझी खुणांची पेन्सिल आहे, वहिनी, ती निळी. ज्या दिवशी पत्र मिळालं, त्या दिवशी ते पायरीवर बसून लिहीत होते असं तू कळवलं होतंस, तेच हे. पलीकडे मी लिहिलंय की माझं घर तुम्ही आखायचं नाही. अलीकडे त्यांनी माझं घर आखलंय. रुंदी अठरा, लांबी चोवीस, वर्ग मांडलेत, बेरीज केलीय, आणि खाली रेघ मारून लिहिलंय, ‘थोरलीचं घर. कर्ण तीस.’ दार कुठे, तेही दाखवलंय. स्वैपाकघराची खिडकी तुमच्या अंगणाकडे काढलीय.

चारही कोपऱ्यांना छोटे गोल आहेत. एका गोलापाशी लिहिलंय, ‘मी’. समोरच्या गोलापाशी लिहिलंय, ‘सूनबाई. घाबरलीय. टोक तिलाच द्यायचं.’

आणि घराच्या मधोमध, जिथे दोन्ही कर्ण एकमेकांना छेदतात, तिथे एक खुर्ची काढलीय. तिच्याखाली लिहिलंय, ‘थोरली दमून येईल.’

ताई